यात वायफाय नसलेलं दाखवा

ठाण्यातल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी एक सदुसष्ट वर्षांचे काका शिरतात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चष्म्याची डबी, छत्री आणि चतकोर कागदाची एक चिठ्ठी. दुकानातला मुलगा पुढे येतो. "बोला काका, टीव्ही की मोबाइल?" काका सांगतात, पुस्तक वाचायचं यंत्र हवं आहे. मुलगा उत्साहाने दहा इंची टॅबलेट काढून समोर ठेवतो. यावर पुस्तक वाचता येतं, सिनेमा बघता येतो, नातवाशी बोलता येतं, विजेचं बिल भरता येतं. "यात सगळं होतं, काका."

"सगळं नको," काका म्हणतात. "फक्त पुस्तक."

मग मुलगा जरा शोधाशोध करून एक किंडल आणतो. काका ते उलटसुलट करून बघतात आणि साडीच्या दुकानात काकू ज्या सुरात 'यात मोरपिशी दाखवा' म्हणतात, त्याच सुरात म्हणतात, "यात वायफाय नसलेलं दाखवा."

दुकानात क्षणभर शांतता पसरते. गेल्या पंधरा वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाने अमुक 'आहे का' एवढंच विचारलेलं असतं. अमुक 'नाही ना', असं विचारणारा माणूस त्या मुलाने पाहिलेला नसतो. तो मॅनेजरला बोलावतो.

यात काकांचं फारसं चुकलेलं नाही. उपाहारगृहात बिनसाखरेचा चहा मागितला तर साखरेचे पैसे कुणी कमी करत नाही, उलट वेटर आत जाऊन 'एक बिनसाखर' असं ओरडून सगळ्या गावाला सांगतो. बाजारात कमी असलेली वस्तू मिळवायला जास्त खटपट करावी लागते. पण काका हट्टाला पेटले होते त्याला कारण होतं. मधे महिनाभर त्यांनी मोबाइलवर कादंबरी वाचून पाहिली होती. तिसऱ्या पानावर नायक स्टेशनावर उतरला, तेवढ्यात सोसायटीच्या गटावर पाण्याच्या टँकरचे पैसे कुणी द्यायचे यावरून जुंपली. काका दोन्ही बाजूंची बाजू मांडून परत आले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती आणि नायक अजून स्टेशनावरच उभा होता. पाचव्या पानावर बँकेचा निरोप, सहाव्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. महिन्याच्या शेवटी कादंबरी बावीस पानं पुढे सरकली आणि सोसायटीने काकांना पाणी समितीवर घेतलं.

कागदी पुस्तकांचा मार्ग घरूनच बंद झाला होता. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत माळा भरला, पलंगाखालची जागा भरली, शोकेसमधल्या कपबशांच्या मागे नाट्यसंग्रह उभे राहिले. पावसाळ्यात कसर लागलेली एक संपूर्ण कथामाला गॅलरीत उन्हाला पडली, तेव्हा काकूंनी कायदा केला: एक पुस्तक घरात आलं की एक बाहेर गेलं पाहिजे. तशी बाहेर जाणारी पुस्तकं होतीच. समोरच्या दाराचे शेजारी दर आठवड्याला 'वाचून देतो' म्हणून एक न्यायचे. काकांकडे त्याची वही होती. वहीत एकेचाळीस नोंदी होत्या आणि 'परत आले' हा रकाना कोरा होता.

गंमत अशी की काका जे मागत होते ते जगात आधीच होऊन गेलेलं आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमधून ई-इंक नावाची कंपनी निघाली. तिच्या शाईचा पडदा लावलेलं पहिलं वाचनयंत्र, सोनीचं लिब्रिए, २००४ साली जपानात विक्रीला आलं. त्यातली पुस्तकं साठ दिवसांनी आपोआप बंद पडत. म्हणजे वाचनालयाची शिस्त यंत्रातच भरून दिली होती, फक्त विलंबशुल्क भरून मुदत वाढवून घेण्याची सोय तेवढी राहून गेली. २००६ मध्ये सोनीने अमेरिकेत आणलेल्या यंत्राला वायफाय नव्हतंच. संगणकाला तार जोडायची, पुस्तकं भरायची, तार काढायची. काकांच्या स्वप्नातली वस्तू ती हीच. पण २००७ च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉनने ३९९ डॉलरला किंडल काढलं, त्याला घरबसल्या हवेतून पुस्तक उतरवून घ्यायची सोय दिली, आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. तिथून पुढे यंत्र ऑफलाइन असणं हा दोष ठरला. सोनीने २०१४ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं.

किंडल हे नाव ठेवणाऱ्या मायकेल क्रोनन यांच्या मनात ज्ञानाची ज्योत वगैरे असावी. शब्दाचा अर्थ पेटवणं. मराठीत त्याला नेमका वाक्प्रचार आहे: काडी लावणं. घरात हे यंत्र घ्यायचा विषय निघाल्यावर जे होतं ते पाहता नाव अचूक म्हणायला हवं. कॅनडातल्या टोरांटोच्या कंपनीने इंग्रजी 'बुक' शब्दाची अक्षरं हलवून 'कोबो' केलं. मराठी कानाला तो कोबीचा थोरला भाऊ वाटतो. पण सगळ्यात हळहळ वाटावी ती अहमदाबादच्या इन्फिबीमबद्दल. त्यांनी २०१० मध्ये ९,९९९ रुपयांना देशी वाचनयंत्र आणलं आणि नाव ठेवलं 'पाय'. गणितातला असावा. बाजारात तो काही रोवला गेला नाही.

मॅनेजर आले. त्यांनी काकांना यंत्राची ओळख करून द्यायला सुरुवात केली. आधी काकांनी पडद्यावरचं 'हे चिकटवलेलं कव्हर काढा' असं सांगितलं. मुलाने नखाने खरवडून पाहिलंही. ते कव्हर नव्हतं, पडदाच होता. या चुकीत लाजण्यासारखं काही नाही. बंद यंत्रावर इतकं स्वच्छ, न लुकलुकणारं चित्र असू शकतं यावर पहिल्या भेटीत कुणाचाच विश्वास बसत नाही.

ती करामत समजायला स्वयंपाकघर पुरतं. केसाच्या जाडीएवढे साबुदाणे कल्पावेत. प्रत्येक साबुदाण्याच्या पोटात पातळ द्रव आणि त्यात दोन पुडी: एक पांढरी, एक काळी. दोन्हींवर विरुद्ध विद्युतभार. खालून विजेचा इशारा मिळाला की एक पूड वर येते, दुसरी तळाला बसते. असे लाखो साबुदाणे शेजारी शेजारी पसरले की काळ्यापांढऱ्याची अक्षरं होतात. पूड एकदा वर आली की तिथेच राहते, तिला धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्ची पडते ती पान उलटताना आणि दिवा लावला तर दिव्याला. म्हणून बॅटरी मेली तरी शेवटचं पान पडद्यावर तसंच दिसत राहतं. हल्लीचे दिवेही पडद्याच्या मागून डोळ्यांत टॉर्च मारत नाहीत, कडेने पानावर उजेड पसरवतात. कधी कधी पान उलटल्यावर मागच्या पानाची पुसट सावली उरते. इंग्रजीत तिला भुताचंच नाव आहे. मग पडदा एकदा काळा होतो, दचकतो, आणि भूत उतरतं. मांत्रिक लागत नाही.

"बॅटरी सहा आठवडे टिकते," मॅनेजर म्हणाले.

काका आयुष्यभर लेखापरीक्षण खात्यात होते. त्यांनी खोका हातात घेतला, चष्मा बदलला आणि बारीक अक्षरांतली टीप शोधून काढली. २०२२ च्या साध्या किंडलच्या बाबतीत कंपनीचं म्हणणं असं आहे की सहा आठवडे हे रोज अर्धा तास वाचन, वायरलेस बंद आणि दिवा तेरा क्रमांकावर, या अटींवर. काकांनी तिथेच गुणाकार केला: बेचाळीस दिवस, रोज अर्धा तास, एकूण एकवीस तास. काका दिवसाला चार तास वाचतात. म्हणजे सहाव्या दिवशी सकाळी चहाबरोबर यंत्र आडवं. "सहा आठवडे नाही, सव्वापाच दिवस," त्यांनी निकाल दिला. मॅनेजरनी पहिल्यांदाच वायरलेस 'बंद' ठेवलं तर फायदा होतो हे मान्य केलं, आणि काकांना पहिला गुण मिळाला.

दुसरा विषय पाण्याचा. पाण्यातही चालणारं मॉडेल होतं. २०१८ मध्ये पेपरव्हाइटबद्दल कंपनीने सांगितलं ते असं: दोन मीटर गोड्या पाण्यात एक तास, आणि समुद्राच्या पाण्यात पाव मीटर खोलीवर तीन मिनिटं. समुद्रात पाव मीटर खोल उभं राहून तीन मिनिटांत कोण काय वाचणार, हे कंपनीलाच ठाऊक. गणपतीपुळ्याला तेवढ्या वेळात लाट चपला घेऊन जाते. पण काकांना ही सोय वेगळ्याच कारणाने पटली. पान उलटायच्या आधी ते अंगठ्याशेजारचं बोट जिभेला लावतात. साठ वर्षांची सवय आहे. गोड्या पाण्याची अट इथे पुरी होते.

मग साठवण. सोळा जीबी, म्हणजे हजारो पुस्तकं, असं खोक्यावर होतं. देवनागरीचं एक अक्षर युनिकोडमध्ये साधारणपणे तीन बाइट खातं, तरीही चित्रं नसलेली तीनशे पानी कादंबरी दाबूनदुबून एका एमबीच्या आत बसते. काका वर्षाला पन्नास पुस्तकं वाचतात. सोळा हजार पुस्तकं भरली तर तीनशेवीस वर्षांची सोय झाली. काकूंना हे घरी सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तोवर माळा साफ करणार नाही तर."

पण मुख्य परीक्षा राहिली होती. काकांनी पिशवीतून ती चिठ्ठी काढली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात शब्द लिहिलेले होते: दऱ्याखोऱ्या, उद्ध्वस्त, वाङ्मय, द्वितीय, क्षुल्लक, तऱ्हा, स्त्रीत्व. "हे यात दाखवा," ते म्हणाले.

मुलाने वाचून पाहिले. मॅनेजरनी वाचून पाहिले. नमुन्याच्या यंत्रात एक इंग्रजी कादंबरी भरलेली होती, तिच्यात दऱ्याखोऱ्या नव्हत्या.

मराठी वाचकाला वाचनयंत्राचा प्रश्न शेवटी इथेच येऊन अडतो. पडदा कितीही झकास असो, प्रश्न अक्षराचा आहे. रोमन लिपीत अक्षरं शिस्तीत एकामागून एक उभी राहतात, रेशनच्या रांगेसारखी. देवनागरीत तसं नाही. 'कि' लिहिताना संगणकाच्या पोटात आधी क येतो, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी पुढे घुसते. 'सूर्य' मधला र आधी उच्चारतात आणि रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'चक्र' मधला पायाशी लोळतो. 'दऱ्या' मधला मधेच आडवा होऊन पापणीसारखा दिसतो. एकाच अक्षराची इतकी सोंगं ओळखून त्याला योग्य जागी बसवणारी आज्ञावली यंत्रात नसली, तर वेलांटी भलत्याच अक्षराला मिठी मारते आणि जोडाक्षरं हलन्तांसकट फुटून पडतात. जुन्या यंत्रांवर हा अनुभव पुष्कळांनी घेतला आहे.

त्यातल्या पापणीच्या र ला तर फार जपावं लागतं. मराठीत 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' ही दोन वेगळी आमंत्रणं आहेत. एक व्याख्यानासाठी, दुसरं पंगतीसाठी. ज्या यंत्राला एवढा फरक दाखवता येत नाही त्याच्या भरवशावर मंगलकार्य काढू नये. वाङ्मयाच्या बाबतीत मात्र काकांनी सवलत द्यायला हवी होती. ङ च्या जागी ड लिहून 'वाड्मय' करणं हे निम्म्या महाराष्ट्राला जमतं, साहित्याला वाहिलेल्या संस्थांच्या पाट्यांवरही ते पाहायला मिळतं. यंत्राने चूक केली तर त्याला मराठी आलं असंच म्हणायचं.

देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच. पण मराठी छपाईचा संसार त्यानंतरही कितीतरी वर्षं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा आपापल्या खासगी फाँटांवर चालला. त्यांत म ला रोमनमधल्या भलत्याच अक्षराची जागा दिलेली आणि काना म्हणजे आणखी काहीतरी. ज्याच्याकडे तोच फाँट त्यालाच ते मराठी. बाकीच्यांना डॉलर, टक्का, कंस आणि प्रश्नचिन्हांची भेळ. दोन-अडीच दशकांत टंकलेली हजारो पुस्तकं या भेळेत अडकली, आणि त्यांतून सुटायचा सोपा रस्ता प्रकाशकांनी शोधला: पीडीएफ. पान जसंच्या तसं. फोटोच म्हणा ना.

पीडीएफ ही मराठी ई-पुस्तकाची जन्मखूण झाली आहे. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या हौशी मंडळींनी फुकट वाटलेली पुस्तकं पीडीएफ, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे जाडजूड ग्रंथ पीडीएफ, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गाजलेल्या कादंबऱ्यांची जी उघड चोरी चालते तीही पीडीएफ. आता ए-फोर आकाराचा कागद एकवीस सेंटिमीटर रुंद. सहा इंची वाचनयंत्राचा पडदा जेमतेम नऊ सेंटिमीटर. म्हणजे पान निम्म्याहून लहान होतं आणि बारा पॉइंटचं अक्षर पाचावर येतं. औषधाच्या बाटलीवरची सूचना यापेक्षा सुटसुटीत असते. पान मोठं करावं तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. मग प्रत्येक ओळीला पान उजवीकडे ढकलायचं, परत डावीकडे आणायचं. हातमागावर बसल्यासारखं धोटा फेकत वाचायचं. मजकूर पडद्याप्रमाणे आपोआप वळतो तो ईपब प्रकारात. तेव्हा कुणी 'माझ्याकडे मराठीची दोन हजार ई-पुस्तकं आहेत' असं सांगितलं तर अभिनंदन करण्याआधी ती कशात आहेत हे विचारून घ्यावं.

आणि तरीही काकांना हे यंत्र हवंच होतं, कारण चिं. वि. जोशी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. चिंवि गेले १९६३ च्या नोव्हेंबरात. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव आणि गुंड्याभाऊ सगळ्यांचे झाले. साने गुरुजी २०११ मध्येच झाले होते, गडकरी आणि हरिभाऊ आपटे तर कधीचेच. विकिस्रोतावर असल्या जुन्या मजकुराचं युनिकोड टंकन स्वयंसेवक करत असतात, तिथून ईपब उतरवून घेता येतं. काकांचा हिशेब सरळ होता: एकदा घ्यायचं, भरायचं, वायफायचं दार लावून घ्यायचं आणि चिमणरावांबरोबर निवांत बसायचं.

दार लावण्याचा आग्रह नुसत्या पाणी समितीमुळे नव्हता. २००९ च्या जुलैत अमेरिकेत किंडलवाल्यांच्या यंत्रांतून दोन विकत घेतलेली पुस्तकं एकाएकी नाहीशी झाली. ज्या प्रकाशकाने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून अ‍ॅमेझॉनने पैसे परत केले आणि हवेतूनच हात घालून पुस्तकं काढून घेतली. पुस्तकं कुठली होती, तर जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म'. सरकार नको ते छापील कागद भट्टीत टाकून गायब करतं, अशी गोष्ट ज्या '१९८४'मध्ये आहे तेच पुस्तक. कुठल्याही विनोदी लेखकाने असं कथानक रचलं असतं तर संपादकाने 'फार ओढून आणलंय' म्हणून परत पाठवलं असतं. जेफ बेझोस यांनी पुढे जाहीर माफी मागितली. एका विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या टिपाही त्यात कुचकामी झाल्या, त्याने दावा लावला.

टिपांची किंमत नेमकी किती, हे ठरवलं मायक्रोसॉफ्टने. त्यांनी २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, विकलेली सगळी पुस्तकं परत घेतली, पैसे दिले, आणि ज्यांनी समासात टिपा केल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर. काका समासात पेन्सिलीने 'हे चूक', 'पुरावा?' आणि नुसतंच '!!' असं लिहीत आले आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या मताला भाव दिलेला पाहून त्यांना गहिवरून आलं. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ई-पुस्तकं विकायला घेतली आणि २०१५ च्या डिसेंबरात आवरलं. ग्राहकांची कपाटं कोबोकडे सोपवली. भाडेकरूला न विचारता घर विकलं की भाडेकरू नव्या मालकाचा होतो, त्यातला प्रकार. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये भरायची जुनी सोय काढून टाकली. स्वतःच्या फायली तारेने भरता येतात, त्यांच्या दुकानातलं पुस्तक मात्र हवेतूनच येणार. तिथे 'विकत घ्या' असं बटण असलं तरी मिळतो तो वाचायचा परवाना. त्या वर्षाच्या जानेवारीपासून कॅलिफोर्निया राज्यात हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणं कायद्याने भाग पडलं आहे. करखातं मात्र या बाबतीत भाविक आहे: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर २०१८ पासून पाच टक्के आणि जे कधी कागदावर उतरलंच नाही त्यावर अठरा. पुनर्जन्म नसलेल्या आत्म्याला दंड.

दुकानातून काका रिकाम्या हाताने बाहेर पडले. मॅनेजरनी दारापर्यंत सोडलं; पुन्हा येणार नाहीत याची खात्री करण्यासाठी असेल.

पुढची सूत्रं टोरांटोच्या भाचीने हाती घेतली. व्हिडिओवर ती म्हणाली, "मामा, वायफाय नसलेलं हल्ली शोधूच नका. असलेलं घ्या आणि बंद ठेवा." मामांना हे पटायला आठवडा लागला. घरात दारूची बाटली ठेवायची आणि प्यायची नाही, यातला संयम त्यांना मान्य होता. बाटली विकत का घ्यायची हे कळत नव्हतं. किएव्हमध्ये २००७ साली निघालेल्या पॉकेटबुक कंपनीने वायफायविना, नुसत्या बटणांवर चालणारी मॉडेलंही काढली होती हे त्यांना कुठून तरी कळलं. ठाण्यात ती कुणी ऐकलेली नव्हती. तात्पर्य, भाची दिवाळीत आली ती यंत्र घेऊन. कंपनीचं नाव इथे दिलं तर जाहिरात होईल आणि पाणी समिती आक्षेप घेईल. खातं वगैरे उघडायचं कर्मकांड तिने तिकडेच उरकलं होतं, आल्याबरोबर विमानाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं आणि जगाशी संबंध तोडला. कधीही विमानात न बसलेल्या काकांच्या उशाशी आता एक वस्तू अष्टौप्रहर विमानात असते.

पुस्तकं भरायला तिने संगणकावर कॅलिबर घातलं. हा फुकट मिळणारा प्रोग्राम कोविद गोयल या भारतीयाने २००६ मध्ये अमेरिकेत शिकत असताना लिहायला घेतला, कारण सोनीचं ते बिनवायफायचं यंत्र त्याच्या लिनक्स संगणकाशी बोलत नव्हतं. एका माणसाच्या वैतागातून निघालेल्या या अवजारावर आज जगभरचे वाचक एका प्रकारचं पुस्तक दुसऱ्या प्रकारात बदलून घेतात. काकूंनी त्याला 'पुस्तकांचं पुरणयंत्र' म्हटलं ते चपखल होतं: वरून काहीही घाला, हँडल फिरवा, खालून मऊ. स्कॅन केलेली पीडीएफ तेवढी घालू नये. डाळ शिजलेली नसेल तर पुरणयंत्र काय करणार?

मग चिठ्ठी बाहेर आली. भाचीने ते शब्द टंकून, ईपब करून यंत्रात भरले. पहिल्या फेरीत 'उद्ध्वस्त' स्वतःच उद्ध्वस्त झाला. तिने संगणकावरून एक मराठी वळणाचा युनिकोड फाँट तारेने यंत्राच्या फाँटांच्या कप्प्यात टाकला, यंत्रात तो निवडला, आणि पुन्हा पान उघडलं. दऱ्याखोऱ्या आल्या. तऱ्हा आली. ल आणि श मराठी शाळेतल्या वळणाचे आले. वाङ्मय ङ सकट आलं. काका बराच वेळ त्याकडे बघत राहिले, मग चष्मा काढून पुसला आणि 'द्वितीय मधला द जरा बारीक आहे' असा शेरा मारून यंत्र स्वीकारलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी यंत्राला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि वर नाव लिहिलं. पान एकशेसाठऐवजी 'त्रेचाळीस टक्के' वाचून झालं, हे सांगणं त्यांना जड गेलं. कादंबरी म्हणजे काय बोर्डाची परीक्षा आहे? पुस्तकात ट्रेनचं तिकीट खूण म्हणून ठेवता येत नाही याचंही दुःख झालं. पण नायक एकदाचा स्टेशनातून बाहेर पडला. चिमणराव रात्री साडेअकरापर्यंत सोबतीला राहू लागले, आणि सोसायटीत पाण्यावरून काय चाललंय हे काकांना तीन-तीन दिवस कळेनासं झालं.

एका सकाळी शेजारी आले. नेहमीप्रमाणे चहा झाला, नेहमीप्रमाणे नजर कपाटाकडे गेली. "काय वाचताय सध्या?" काकांनी सांगितलं. "वा! झालं की द्या, वाचून देतो." हा क्षण काकांनी वर्षानुवर्षं वाट पाहून मिळवला होता. त्यांनी सावकाश खुर्चीत मागे टेकून समजावलं की अहो, हे पुस्तक असं देता येत नाही, ते यंत्रात आहे, त्याला जिल्द नाही, कागद नाही. किती पुस्तकं मावतात, पडदा कसा चालतो, साबुदाणे कसे वर येतात, हेही सांगितलं. बोलण्याच्या भरात बॅटरी सहा आठवडे टिकते हेसुद्धा सांगून गेले.

शेजाऱ्यांनी सगळं मन लावून ऐकलं. "मग यंत्रच द्या की. आठ दिवसांत आणून देतो."

काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून काकांकडे पाहिलं. काकांनी वही काढली, बेचाळिसावी नोंद केली, आणि यंत्र पुढे केलं. शेजारी दारापर्यंत जाऊन वळले. "ती चार्जिंगची वायर नको ना? सहा आठवडे चालतं म्हणालात." शेजाऱ्यांना रोज सहा तास वाचायची सवय आहे. काकांनी मनातल्या मनात एकवीसला सहाने भागलं, आणि वायर नाही लागत म्हणाले.